वाचकांचे प्रश्न : छाट बिड्या आणि सिद्धरामेश्वर

प्रश्न : माझी आई तीस वर्षांपासून बिड्या वळते. कारखान्यात माल देताना बऱ्याच बिड्या छाट म्हणून, म्हणजे खराब ठरवून, बाजूला काढल्या जातात. त्यांची मजुरी मिळत नाही आणि त्या परतही मिळत नाहीत. वस्तीतील काही बायका एकत्र जाऊन जाब विचारणार आहेत. आई मात्र म्हणते, ‘सिद्धरामेश्वर बघतोय, आपण कशाला बोलायचं?’ श्रद्धा ठेवून हक्क मागता येतो का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्या आईंच्या एका वाक्यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत. सिद्धरामेश्वर पाहतो आहे, ही त्यांची श्रद्धा. इतकी वर्षे संसार ओढताना तिनेच त्यांना धीर दिला असणार, म्हणून तिला धक्का लावण्याचा अधिकार मला नाही आणि आपल्यालाही नाही. ‘आपण कशाला बोलायचं’ ही मात्र श्रद्धा नव्हे, भीती आहे. उद्या पान-तंबाखू देणे बंद झाले तर चूल कशी पेटेल, ही अगदी खरी भीती.

ज्यांचे नाव आई घेतात, त्या बाराव्या शतकातील शिवयोग्याने सोलापुरात अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, तसाच तलावही खोदवला. पुढे ते कर्नाटकातील कल्याणला (आजचे बसवकल्याण) ज्या शरणांच्या, म्हणजे शिवभक्तांच्या, मेळ्यात गेले, त्या बसवेश्वरांच्या शरणांनी प्रामाणिक श्रमाला ‘कायक’ म्हटले आणि त्याला पूजेचे मोल दिले. हा विचार मनापासून मानला, तर बिडी वळणे हेही कायकच आहे. मग वळलेल्या बिडीची मजुरी नाकारणे हा केवळ पैशाचा तंटा राहत नाही, ज्या श्रमाला शरणांनी पवित्र मानले त्याचाच तो अवमान होतो, आणि त्याविषयी बोलणे भक्ताला मुळीच परके नाही.

आपल्या शहरात सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा आणि चार हुतात्म्यांचा स्मृतिदिन जवळजवळ लागूनच येतात. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर उठले, मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांना येरवड्याला फाशी दिली गेली. चौघांचा धर्म एक नव्हता, मागणे एक होते. आपल्या वस्तीतील बायकांतही मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या असतील. कोणाचा देव कोणता, यावरून त्यांच्यात फूट पडू देऊ नका.

राहिली भीती. एकटीचे पान बंद करणे सोपे असते, साऱ्या गल्लीचे बंद करणे कारखान्यालाही परवडत नाही, म्हणून एकत्र जाण्याचा विचार योग्यच आहे. १९६६ साली बिडी व सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला, तेव्हा घरी बसून बिड्या वळणाऱ्या बायकांनाही त्यात कामगार मानले गेले. तेव्हा आपण उपकार मागायला चाललेल्या नाही. मात्र जाण्याआधी महिनाभर प्रत्येकीने वही ठेवावी : तारीख, मिळालेले पान आणि तंबाखू, दिलेल्या बिड्या, काढलेली छाट आणि तिचे सांगितलेले कारण. नुसत्या तक्रारीला उडवून लावता येते, दहा वह्यांतील आकडे जुळले की तसे करणे अवघड जाते.

आईंना इतक्यात सोबत येण्याचा आग्रह करू नका. त्यांच्या बिड्यांची नोंद तेवढी रोज त्यांच्याकडून विचारून घ्या; किती वळल्या आणि किती कापल्या गेल्या, हे त्यांच्याइतके नेमके दुसऱ्या कोणाला सांगता येणार आहे?