जुन्या एमजीबीला रुंद चाकं बसवायची आहेत, मडगार्डला घासू नयेत म्हणून काय करावं?

तुमची गाडी १९७२ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, मूळची १४ इंची ५ जे (५ इंच रुंद) रोस्टाईल रिम, त्यावर १६५ मिमी रुंदीचे टायर. टायरवाला म्हणतोय १५ इंची ६ जे मॅगव्हील (अलॉयचं रिम) टाका, बसतात. तुम्ही विचारताय घासतील का. बसतील, आणि घासतीलही. माझ्याकडे काकांची तशीच गाडी आहे आणि या दोन्ही गोष्टी मी स्वखर्चाने करून पाहिल्या आहेत.

एमजीबीच्या चाकाला ४ नट, त्यांच्या वर्तुळाचा व्यास ११४.३ मिमी. हेच माप कित्येक जपानी गाड्यांचं. त्यामुळे पुण्यात नाना पेठेतल्या जुन्या बाजारात मिळणारं तसलं कुठलंही रिम स्टडवर (नट ज्यावर बसतो त्या बोल्टवर) सरकन बसतं आणि आपण हुरळून जातो. घोळ असतो ऑफसेटचा. रिमच्या रुंदीचा मध्य आणि हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, टेकणारी पाठ यांतलं हे अंतर. आकडा जितका मोठा तितकं चाक आत जातं. आपल्या गाडीला साधारण २० ते २५ मिमी लागतो, पुढची चाकं ओढणाऱ्या जपानी गाड्यांच्या रिमांना सर्रास ३५ ते ४५ असतो.

मी आणलेलं रिम ६ जे, ऑफसेट ३८. मूळच्या रिमचा मोजला तेव्हा २० भरला होता. आता हिशोब बघा. रुंदी १ इंच वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिमी. त्यात ऑफसेटच्या फरकाचे १८. आतली कड जवळजवळ ३१ मिमी आत सरकली आणि बाहेरची कड, चाक रुंद असूनसुद्धा, ५ मिमी आतच गेली. मी टूलरूममध्ये काम करतो, दिवसभर मायक्रोमीटर हातात असतो. हा हिशोब पैसे देण्याआधी केला नाही, हे सांगायला अजून लाज वाटते.

पार्किंगमध्ये गाडी झकास दिसत होती. सिंहगडावर निघालो, डिकीत सामान, शेजारी मेहुणा. घाट चढताना एका खड्ड्यात मागून खर्रर्र झालं. वर पोचेपर्यंत जळक्या रबराचा वास. टायरच्या आतल्या गालावर बोटभर रुंद चकचकीत पट्टा उमटला होता. घासतंय कुठे हे ओळखायला असा पट्टाच बघायचा. आवाजावर जाऊ नका, आवाज सगळीकडून येतो.

मग एका गॅरेजवाल्याने हब आणि रिमच्या मधे १५ मिमी जाडीची चकती, म्हणजे स्पेसर, घातला. आतलं घासणं थांबलं आणि मागचं डावं चाक मडगार्डच्या काठाला लागायला लागलं. फक्त डावं. एमजीबीची ही जुनी खोड आहे, मागे डावीकडे जागा उजवीपेक्षा कमी असते. आणि त्याहून वाईट म्हणजे त्या स्पेसरमुळे नट जेमतेम चार आटे धरून होता. स्टड अर्धा इंची, इंचाला २० आटे. नटाने निदान स्टडच्या जाडीइतकी पकड घ्यायला हवी, म्हणजे पूर्ण १० फेरे. तुमचे कमी भरले तर त्या गाडीने घाटच काय, कर्वे रस्तासुद्धा गाठू नका.

तेव्हा रिम विकत घेण्याआधी कोणाचं तरी मागून आणा आणि हे करा. गाडी बॉडीखाली भक्कम टेकूंवर घ्या. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमधला फक्त मुख्य पाटा ठेवा, बाकीचे उतरवा. चाक चढवा, मागच्या आसाच्या हौसिंगखाली जॅक लावून बंपचं रबर पूर्ण दबेपर्यंत वर घ्या, मग एकच बाजू आणखी थोडी उचला. मागचा आस अखंड असल्यामुळे एक चाक वर गेलं की त्याचा माथा आत कलतो, आणि हे गाडी सपाट उभी असताना कधीच दिसत नाही. मोजायला मी गणपतीतली उरलेली शाडू वापरली. अंगठ्याएवढे गोळे आतल्या भिंतीला आणि मडगार्डच्या काठाला चिकटवायचे, टायरला प्लास्टिक गुंडाळायचं, चाक हाताने फिरवायचं. गोळे दाबले गेले की सोडवून व्हर्निअरने मोजायचे. माझा उजवीकडचा सगळ्यात पातळ गोळा १७ मिमी होता, डावीकडचा ६.

६ पुरत नाहीत. वळणावर पाट्यांचे रबरी बुश दबतात आणि हौसिंग आडवं सरकतं, म्हणून १० तरी हवेत. मी आधी बुश बदलले, कारण पन्नास वर्षांचं रबर बिस्किटासारखं झालेलं असतं. नवे बुश घालून हौसिंग सरळ बसवल्यावर डावीकडे ११ मिळाले. पैसे खर्च करायचेच असतील तर पहिला खर्च हाच करा.

मडगार्डचा काठ दुमडायची वेळ आलीच तर हीट गनने रंग नीट तापवून, थोडा थोडा. कापू मात्र नका. तिथे आतला आणि बाहेरचा पत्रा स्पॉट वेल्डने जोडलेला असतो. तो उघडा पडला की पहिल्याच पावसाळ्यात पाणी शिरतं आणि पुढे काय होतं ते पुण्यात कोणाला सांगायला नको. शिवाय तुमची गाडी ५० वर्षांवरची. २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हीए मालिकेचा व्हिंटेज नंबर घ्यायचा विचार असेल तर चासी आणि बॉडीत मोठा बदल चालत नाही. असा पत्रा कापून ती भानगड ओढवून घेऊ नका.

पुढच्या चाकांचा त्रास कमी. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, समोरून कोणाला तरी बॉनेटवर भार द्यायला सांगून बघा, बस.

मी शेवटी १४ इंची ५.५ जे, ऑफसेट २०, त्यावर १८५/७० च्या टायरवर (१८५ मिमी रुंद, गालाची उंची त्याच्या ७० टक्के) थांबलो. दोन्ही बाजूंना ६ मिमीच्या आसपास वाढ झाली. टायरचा व्यास ६१५ मिमी, तुमच्या १६५/८० चा ६२०, त्यामुळे स्पीडोमीटरही फारसा हलत नाही. १५ इंचीच हवं असेल तर १९५/६० चा व्यासही ६१५ येतो, पण ६ जे रिमवर डावीकडे किती उरतं ते शाडू लावून बघितल्याशिवाय टायरवाल्याला पैसे देऊ नका.