सुई बदलायची की मशीन?

प्रश्न: बाबांच्या पंच्याहत्तरीला दोन वर्षांपूर्वी ऑडिओ-टेक्निकाचं एलपी ६० एक्स टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) घेतलं. त्यांच्या साठेक एलपी आहेत, नाट्यगीतं, भावगीतं, थोडं शास्त्रीय, शिवाय आजोबांच्या १५ जुन्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) रेकॉर्ड आहेत ज्या यावर वाजतच नाहीत. बाबा रोज दुपारी जेवण झालं की तासभर ऐकतात. हल्ली आवाज फाटल्यासारखा येतो, त्यातही रेकॉर्डच्या बाजूतल्या शेवटच्या गाण्याला ‘स’, ‘श’ आला की नुसता चिरका. लॅमिंग्टन रोडला एका दुकानात विचारलं तर म्हणे हे खेळणं आहे, एलपी १२० एक्स घेऊन टाका, ७८ पण वाजेल. किंमत दुपटीच्या वर जातेय. घ्यावं का?
(एक वाचक, गिरगाव)

उत्तर: आधी तुमचं पत्र परत वाचा, त्यातच उत्तर आहे. रोज तासभर, दोन वर्षं, म्हणजे झाले सातशे तास. आणि सुई बदलल्याचा पत्रात कुठे उल्लेख नाही. साधी गोल टोकाची सुई चार-पाचशे तास चालली की तिला रजा द्यायची असते, तुमची कधीच रिटायर व्हायला हवी होती, ती बिचारी अजून ड्युटीवर आहे आणि त्यात बाबांच्या एलपी झिजतायत ते वेगळंच. एलपी ६० एक्सची सुई पुढून ओढली की निघते, नवी दाबली की बसते, आणि नव्या मशीनच्या किमतीपुढे तिची किंमत किरकोळ आहे. फक्त ओरिजिनल घ्या, सुट्ट्या पुडीतली नको.

आता शेवटच्या गाण्याचं. एलपी मिनिटाला ३३ वेळाच फिरते, पण बाहेरच्या काठाला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच सरकते आणि आत लेबलजवळ जेमतेम २० च्या आसपास, म्हणजे तेवढंच गाणं निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं असतं. ‘स’, ‘श’ ची नक्षी सगळ्यात बारीक, गोल टोक तिथे नीट शिरत नाही आणि मग चिरका येतो. सुई झिजलेली असली की हे दुप्पट जाणवतं. १२० वर येणारं कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) व्हीएम ९५ ई, त्याची सुई लंबगोल टोकाची, तिला हे जास्त चांगलं जमतं हे खरंय, दुकानदार अगदीच थापा मारत नाहीये. पण नवी गोल सुई लावून आधी ऐका तरी.

आणि हो, मशीनच्या मागे एक छोटा स्विच आहे, फोनो आणि लाइन असा. आत प्रीअँप (सुईचा क्षीण आवाज वाढवणारं सर्किट) आहेच. स्विच लाइनवर ठेवून वायर अँपच्या फोनो सॉकेटमध्ये, जिथे दुसरा प्रीअँप असतो, खोचली असेल तर आवाज दोनदा वाढवला जातो आणि फाटतोच. घरात रंगकाम झालं, टीव्ही हलवला, कुणीतरी वायरी काढून परत लावल्या, असं काही झालंय का बघा, ह्याला पैसे लागत नाहीत.

७८ च्या रेकॉर्डचं मात्र दुकानदाराने अर्धंच सांगितलं. १२० एक्स ७८ च्या स्पीडने फिरतं, ६० एक्स फिरत नाही, बरोबर. पण त्या लाखेच्या रेकॉर्डची खाच एलपीच्या खाचेच्या दोन-तीन पट रुंद असते, एलपीची सुई तिच्या तळाशी लोळत जाते, खरखर तेवढी उचलते आणि स्वतः खराब होते. म्हणजे ७८ ची जाड सुई वेगळी घ्यायची (व्हीएम ९५ च्या घराण्यात एसपी नावाची मिळते), आणि सुई बदलली की दरवेळी आर्मचं (सुईच्या दांड्याचं) वजन नव्याने लावायचं. आता हिशोब करा. १५ रेकॉर्ड, ३० बाजू, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. सगळं मिळून दीड-पावणेदोन तासांचं गाणं. तेवढ्यासाठी नवं मशीन? त्यापेक्षा ज्याच्याकडे ७८ चं व्यवस्थित सेटिंग आहे त्याच्याकडून एकदा डिजिटल करून घ्या, समोर बसून करा, कारण लाखेची रेकॉर्ड हातातून सुटली की संपली. आणि कृपा करून त्या स्पिरिटने पुसू नका, लाख स्पिरिटमध्ये विरघळते.

पण मला खरी काळजी वेगळीच आहे, ती दुपारच्या जेवणानंतरची. ६० एक्स ऑटोमॅटिक आहे, बटण दाबलं की आर्म स्वतः उठतो, बाजू संपली की स्वतः परत जातो. १२० एक्स पूर्ण मॅन्युअल. बाजू संपल्यावर ते थांबत नाही, सुई आतल्या रिकाम्या खाचेत टक-टक करत फिरत राहते, आणि वरणभात जेवून आरामखुर्चीत बसलेला सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस दुसऱ्या गाण्यापर्यंत जागा असतो का हे तुम्हीच सांगा. आर्म खाली सोडायला लिव्हर आहे, पण तो नेमक्या जागी न्यायचा तो हातानेच. बाबांचा हात स्थिर असेल, त्यांना ती मजा हवी असेल, तर गोष्ट वेगळी. नाहीतर तुम्ही त्यांच्या दुपारसाठी त्यांना न जमणारं मशीन आणाल आणि मग प्रत्येक रेकॉर्ड लावायला सूनबाईंना हाक.

रेकॉर्डचा नाद तुम्हालाच लागलाय, तुम्ही रविवारी चोर बाजारात मटण स्ट्रीटला चक्कर मारून पिशवी भरून आणताय, असं असेल तर मात्र १२० एक्स घ्या आणि तुमच्या खोलीत ठेवा. त्यात वजन लावता येतं, कार्ट्रिज बदलता येतं, पुढेमागे त्याच कार्ट्रिजवर मायक्रोलिनियर (फार बारीक टोकाची) सुई बसवता येते जी हजारेक तास टिकते आणि शेवटच्या गाण्याचा चिरका बऱ्यापैकी घालवते. थोडक्यात ते वाढत जाणारं मशीन आहे. बाबांना वाढवायचं नाहीये, ऐकायचंय.

प्रश्न: १२० एक्सचं ब्लूटूथवालं मॉडेल जास्त पैसे देऊन घ्यावं का? (वाचक, ठाणे)

उत्तर: स्पीकर खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल आणि वायर ओढायला घरचे देत नसतील तर घ्या. आवाजासाठी नको, त्याने आवाज सुधारत नाही. ते जास्तीचे पैसे स्पीकरात घाला.

प्रश्न: भाची अमेरिकेहून येतेय, तिथे बेल्टवालं एक चांगलं मॉडेल स्वस्तात मिळतंय. इथे ट्रान्सफॉर्मर लावून चालेल ना? (वाचक, विलेपार्ले)

उत्तर: तिला विचारा, मोटर एसी की डीसी. डीसी असेल आणि अडॅप्टरवर १०० ते २४० लिहिलं असेल तर खुशाल आणू दे. एसी सिंक्रोनस मोटर (विजेच्या हर्ट्झवर वेग ठरणारी) असेल तर थांबा. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही, आणि तिकडची वीज ६० हर्ट्झ, आपली ५०. मोटर त्या हिशोबाने हळू फिरते. मी स्वतः हे करून बसलोय, मामेभावाने एवढ्या प्रेमाने हँडबॅगेजमधून आणलेलं, घरी सगळे जमलेले, रेकॉर्ड लावली तर पेटीच्या काळी पाच पट्टीत गाणारी बाई थेट पांढरी पाचात उतरली आणि तीसुद्धा पेंगत पेंगत. आत्या म्हणाली, हिची तब्येत बरी नाही का? काही कंपन्या ५० हर्ट्झची पुली (मोटरवरची बेल्ट फिरवणारी चकती) वेगळी देतात, माझ्या मॉडेलची मिळाली नाही. मशीन अजून माळ्यावर आहे.