प्रश्न तुमचे : स्वतः जोडलेला ड्रोन सोडून रेडीमेड घेऊ का?

प्रश्न : कॉलेजपासून ड्रोन स्वतःच जोडतोय. आधी एफ-४५० फ्रेमवाला (चार हातांच्या सांगाड्याचा) होता, आता ५ इंची एफपीव्ही क्वाड (ड्रोनच्या नजरेने बघत उडवायचे चार पंख्यांचे ड्रोन) आहेत. उडवायला जाम मजा येते पण वर गोप्रो कॅमेरा लावून केलेलं शूटिंग लहरल्यासारखं येतं, कुणाला दाखवायची सोय नाही. मित्राच्या फोटो स्टुडिओला लग्नाच्या आणि प्लॉटच्या ऑर्डरी येतायत, तो म्हणतो गप डीजेआय कंपनीचा रेडीमेड मिनी ड्रोन घे. मग इतकी वर्षं शिकलेलं वाया जाणार का? आणि जुन्या क्वाडचं काय करू?
– एक वाचक, मिरज

उत्तर : वाया काही जात नाही हो, पण आपण आधीपेक्षा भारी ड्रोन घेतोय असं डोक्यात असेल तर ते काढून टाका. उडण्याच्या बाबतीत तुमचा ५ इंची क्वाड मिनीला कधीही मागे टाकेल, वाऱ्यात तर नक्कीच. तुम्ही पैसे मोजताय ते कॅमेरा, तीन अक्षांचा गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारी यंत्रणा) आणि रिमोटवर स्वच्छ दिसणारं चित्र यासाठी. स्टुडिओवाल्याला तेवढंच पाहिजे असतं, पीआयडी ट्यूनिंग (ड्रोन स्थिर उडण्यासाठीची सेटिंग) किती सुंदर केलंय हे नवरदेवाचे वडील विचारत नाहीत.

तुमचा व्हिडिओ लहरतो त्याचं कारण तुम्हाला माहीतच असेल. प्रॉपला, म्हणजे पंख्याच्या पात्याला, बारीक टवका जरी गेला तरी मोटरची थरथर फ्रेममधून कॅमेऱ्यात जाते आणि सेन्सर चित्र ओळीओळीने वाचत असल्यामुळे ते जेलीसारखं हलतं. रबरी डॅम्पर लावून, प्रॉप बॅलन्स करून हे कमी होतं, पण दर वेळी नवीन प्रॉप लावला की परत तेच, आणि ऑर्डरीच्या दिवशी कोण करत बसणार.

आता सवयीचं. तुमच्या रिमोटचा थ्रॉटल, म्हणजे जोर कमी-जास्त करायची कांडी, सोडाल तिथेच राहतो, मिनीची कांडी मात्र स्प्रिंगने मधे येते आणि मधे म्हणजे ड्रोन आहे तिथे हवेत थांबलेला. एफपीव्हीवाल्याचा अंगठा घाबरला की थ्रॉटल खाली खेचतो, तिकडे क्वाड दगडासारखा पडतो आणि ते बरंच असतं कारण कुणाच्या डोक्यात जाण्यापेक्षा शेतात पडलेला परवडला. इथे कांडी खाली खेचली तर तो नुसता सावकाश उतरत राहतो, खाली मांडव असला तर मांडवावरच. म्हणून घाबरलात की दोन्ही कांड्या सोडून द्यायच्या, बस्स, तो जागेवर थांबतो. ही सवय मोकळ्या रानात लावून घ्या, लग्नात नको.

आणि गच्चीवरून उडवू नका. स्लॅबमधल्या लोखंडाने कंपास भरकटतो, एफ-४५० वर जीपीएस लावला असेल तर हा अनुभव आलाच असेल. मिनी आपोआप परत येतो ती उंची (रिटर्न टू होम) आसपासच्या सगळ्यात उंच नारळापेक्षा जास्त ठेवा, आणि झाडाखालून टेकऑफ नको, कारण परत येताना तो बरोबर त्याच झाडात उतरणार.

आता कायद्याकडे येऊ, कारण माणसं फसतात ती इथे. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोन आयात करायला बंदी आहे, अपवाद फक्त संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेच्या कामाचे. सुट्या भागांना बंदी नाही. म्हणजे गंमत बघा, तुम्ही मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा भाग), फ्लाइट कंट्रोलर (ड्रोनचा मेंदू) मागवून जे करत होता ते सरळ होतं आणि आता जो खोका घ्यायला निघालाय तोच वांध्यात. दुबईहून येणाऱ्या पाहुण्याला आणायला सांगाल तर कस्टममध्ये अडकेल, आणि बिलाशिवाय कोण देत असेल तर घेऊच नका. बंदीच्या आधीचा, बिलासकट सेकंडहँड मिळाला तर बघा, मिनी २ तेव्हाचाच आहे, नोव्हेंबर २०२० चा. ४के शूट करतो, समोरचे अडथळे मात्र ओळखत नाही, ते तुम्हालाच बघायचंय. घेताना ॲपमध्ये बॅटरीच्या सायकल किती झाल्यात ते बघा, गिंबल चालू होताना अडखळतो का ते बघा, आणि नोंदणी क्रमांक तुमच्या नावावर करून घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

मिनीचं वजन २४९ ग्रॅम का ठेवलंय तेही समजून घ्या. आपल्याकडे २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्याला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. त्याच्या वर २ किलोपर्यंत मायक्रो, आणि मायक्रोने धंदा करायचा तर सर्टिफिकेट पाहिजेच, त्यासाठी दहावी पास आणि वय १८ ते ६५. म्हणजे हौसेने प्रॉप गार्ड (पात्यांभोवतीचं कडं) बसवलात की वजन वाढून तुम्ही रेषा ओलांडलीत. मिनी ३, मिनी ४ प्रो वाले मोठी प्लस बॅटरी टाकतात तेव्हा वजन २९० ग्रॅमच्या आसपास जातं, तीच गोष्ट. वाण्याकडे का होईना, एकदा काट्यावर ठेवून बघा.

नॅनो असला तरी सरकारच्या ड्रोन नकाशावर झोन बघायचाच, ग्रीन झोनमध्ये (जिथे परवानगी लागत नाही) ४०० फुटांपर्यंत, विमानतळाच्या ८ ते १२ किलोमीटर पट्ट्यात २०० फुटांपर्यंत. आणि गणपती, मिरवणूक, निवडणूक असली की पोलिसांचा मनाई आदेश निघालाय का ते ठाण्यात विचारा, ऑर्डर घेण्याआधी, घेतल्यावर नव्हे.

बाकी दुरुस्ती. तुमच्या क्वाडचा आर्म मोडला तर तुम्ही संध्याकाळी बदलता, मोटर जळाली तर सोल्डरिंग गन काढता. मिनीच्या गिंबलची रिबन केबल तुटली तर तो शौक विसरा, ती कागदाएवढी पातळ असते आणि सर्व्हिसची वाट बघावी लागते, आणि लग्नाच्या सीझनमध्ये दोन आठवडे ड्रोन नसला तर मित्र दुसरा माणूस शोधणार. म्हणून कव्हर लावल्याशिवाय बॅगेत टाकू नका, आणि उडवण्याआधी काढायला विसरू नका.

जुने क्वाड विकू नका, तसेही कोण काय देणार. मोकळ्या रानात गाडीमागून, बैलजोडीच्या बाजूने जे शॉट त्याच्याने मिळतात ते मिनीला जमणार नाहीत. फक्त त्याच्याने ऑर्डर घेऊ नका, हौस आणि शिकणं यासाठी, नजरेसमोर उडवलात तर टाइप सर्टिफिकेट (त्या मॉडेलला सरकारी मान्यता) लागत नाही, धंद्याला लागतं. नोंदणी मात्र हौस असो की धंदा, दोन्हीकडे. आणि क्वाडच्या लायपो बॅटऱ्या भरलेल्या कपाटात पडल्या असतील तर आजच सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेवा, मिनीची बॅटरी ते आपापलं करते, तुमची करत नाही.