सिलिकॉन कुठलं आणि कुठे? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

पावसाळा सरत आला की गळतीची पत्रं वाढतात. यंदा बऱ्याच पत्रांत एकच तक्रार आहे: सिलिकॉन मारलं, तरी पाणी येतंच. काच आणि अ‍ॅल्युमिनियमच्या कामांवर देखरेख करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि या एका ट्यूबवर लोकांचा किती पैसा वाया जातो ते मी रोज बघते. म्हणून या वेळचं सदर फक्त सिलिकॉनवर.

प्रश्न (डोंबिवली): आमचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर आहे. बेडरूमची स्लायडिंग खिडकी पश्चिमेला. दर मे महिन्यात फॅब्रिकेटरकडून बाहेरून सिलिकॉन मारून घेतो, आणि जुलैत झड आली की खालच्या कोपऱ्यातून पाणी आत येतंच. ताई, चांगल्या कंपनीचं सिलिकॉन सांगाल का?

कंपनीचं नंतर बघू. आधी फॅब्रिकेटरला जुन्या पट्टीचा वीतभर तुकडा कापून, ओढून काढायला सांगा आणि त्याची पाठ उजेडात नीट बघा.

पाठ गुळगुळीत आणि स्वच्छ असेल तर सिलिकॉन तिथे कधी चिकटलंच नव्हतं. खाली धूळ होती, ओल होती, किंवा ते सिलिकॉन त्या पृष्ठभागासाठी नव्हतं. पाठीवर रंगाचा पापुद्रा आणि पांढरी भुकटी निघाली, तर सिलिकॉनने आपलं काम केलंय, भिंतीने रंग सोडलाय. आणि दोन्ही कडा घट्ट बसलेल्या असून पट्टी मधूनच लांबलचक फाटली असेल, तर फट जेवढी उघडते तेवढं ताणणं त्या सिलिकॉनला झेपलेलं नाही. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

तुमच्या फोटोत चौकटीच्या कडेने रंगाचे पोपडे दिसतात, त्यामुळे मला दुसऱ्या कारणाची दाट शंका आहे. रंगावर मारलेलं सिलिकॉन रंगाइतकंच टिकतं. कडेचा दोन-तीन सेंटिमीटर पट्टा रंग आणि पुट्टीसकट खरवडून घट्ट प्लास्टरपर्यंत जा. ब्रशने धूळ झाडा. प्लास्टर भुसभुशीत असेल तर सिलिकॉन कंपनीचाच प्रायमर लावा. फटीत बॅकर रॉड दाबून बसवा. ही फोमची गोल दोरी असते, फटीपेक्षा साधारण पाव हिश्श्याने जाड घ्यायची, म्हणजे १० मिमीच्या फटीला १२-१३ मिमीची. तिच्यामुळे दोन कामं होतात. सिलिकॉन खोल वाया जात नाही, आणि ते फक्त दोन बाजूंना चिकटतं. मागच्या बाजूलाही चिकटलं तर त्याला ताणायला मोकळीक उरत नाही आणि ते फाटतं. जाडी रुंदीच्या निम्मी ठेवा: १० मिमी रुंद फटीत ५ मिमी सिलिकॉन. जाड थर मारला की जास्त मजबुती येते असं कारागीर हमखास म्हणतात. ते खरं नाही.

आता सिलिकॉन कुठलं ते. दुकानात नुसतं ‘सिलिकॉन द्या’ म्हटलं की हातात येतं ते बहुधा ‘जीपी’, म्हणजे जनरल पर्पज. त्याची ट्यूब उघडली की व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, कारण वाळताना त्यातून अ‍ॅसिटिक आम्ल बाहेर पडतं. काचेला आणि ग्लेझ्ड टाइलला ते छान धरतं, लवकर वाळतं, स्वस्त असतं. पण प्लास्टर आणि काँक्रीट अल्कधर्मी. आम्ल आणि ते एकमेकांशी भिडतात, मधला थर कमकुवत होतो आणि पट्टी सुटते. तुम्हाला हवं ते ‘न्यूट्रल’, म्हणजे वाळताना आम्ल न सोडणारं. दुकानात ‘वेदर सिलिकॉन’ म्हणूनही मागतात. मागताना एवढा एक शब्द बरोबर वापरलात तरी निम्मी गळती थांबेल असं मला मनापासून वाटतं.

आणि हे सगळं करण्याआधी खालच्या ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतून बघा. ते बाहेरच्या बाजूला वाहून गेलं पाहिजे. ट्रॅकला त्यासाठी बाहेर भोकं ठेवलेली असतात, आणि दर मे महिन्यात पट्टी मारणारा माणूस ती भोकंही इमानेइतबारे बुजवून टाकतो. मग ट्रॅक भरतो आणि पाणी खोलीत उतरतं. अशी कितीतरी घरं मी पाहिली आहेत, जिथे एक थेंबही नवीन सिलिकॉन न लावता फक्त भोकं मोकळी करून गळती थांबली. बाहेरचं काम मात्र दोर आणि बेल्ट वापरणाऱ्या सरावाच्या माणसाकडूनच करून घ्या. खिडकीतून वाकून कुणालाही काम करू देऊ नका.

प्रश्न (कोल्हापूर): देवघराला पांढऱ्या संगमरवराची चौकट बसवली. सांध्यात पारदर्शक सिलिकॉन भरलं. सहा महिन्यांत सांध्याच्या दोन्ही बाजूंना तेल सांडल्यासारखी काळपट रेघ आली. घासून जात नाही. काय करावं?

वाचून वाईट वाटलं, कारण हे नुकसान दगडाच्या आत झालेलं असतं. संगमरवर सच्छिद्र असतो. सिलिकॉन मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्यं घातलेली असतात आणि ती हळूहळू दगडाच्या छिद्रांत उतरतात. वरून घासून ती निघणार नाहीत. शिवाय भरलेलं जीपी असेल तर त्याचं आम्ल संगमरवरातल्या कॅल्शियम कार्बोनेटलाच खातं, म्हणजे डागही पडतो आणि पकडही जाते. संगमरवराला आणि शहाबादीला जीपी कधीही लावू नये. ग्रॅनाइटला आम्लाची तेवढी भीती नाही, पण तेलाचा डाग त्यालाही पडतो, विशेषतः फिकट रंगाच्या.

उपाय करून बघता येईल. सिलिकॉन पूर्ण काढा. टाल्कसारखी बारीक पांढरी पूड अ‍ॅसिटोनमध्ये कालवून घट्ट लेप करा, डागावर बोटभर जाड थापा, वरून प्लास्टिक लावून कडा चिकटपट्टीने बंद करा. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढा आणि लेप पूर्ण सुकू द्या. सुकताना तो तेल ओढून घेतो. एकदा करून भागत नाही, आणि डाग शंभर टक्के जाईल असं वचन मी देत नाही, पण फिकट नक्की होतो. अ‍ॅसिटोन पटकन पेट घेतं, त्यामुळे त्या दोन दिवसांत देवघरात समई-निरांजन नको, उदबत्तीही नको, खिडक्या उघड्या ठेवा. लिंबू, व्हिनेगर किंवा बाथरूमचं अ‍ॅसिड दगडाला लावू नका.

नंतर भरायचं ते दगडासाठीचं न्यूट्रल सिलिकॉन. ट्यूबवर ‘नॉन-स्टेनिंग’ लिहिलेलं असतं. महाग असतं. तरी आधी उरलेल्या एखाद्या तुकड्यावर लावून काही आठवडे वाट बघा.

प्रश्न (नाशिक): वॉश बेसिनवरच्या आरशाला कडेने काळे डाग का पडतात?

कडेच्या डागांना ओलही कारण असते, पण आरसा जीपीने चिकटवला असेल तर आम्लामुळे मागचा चांदीचा थर खराब होतो. गेलेला थर परत येत नाही. नवा आरसा न्यूट्रलने चिकटवा, उभ्या रेघा ओढून, म्हणजे मागे हवा खेळती राहील.

प्रश्न (पुणे): बाथरूममध्ये टाइल आणि बेसिनच्या सांध्यावरचं पांढरं सिलिकॉन काळं पडतं. ब्लीच लावलं की महिनाभर बरं दिसतं, मग पुन्हा तेच. त्यावरूनच नवीन पट्टी मारली तर?

मारू नका. काळं दिसतं ती बुरशी आहे. ती सिलिकॉनवर साचलेल्या साबणाच्या, शाम्पूच्या थरावर वाढते आणि हळूहळू आत शिरते. ब्लीच वरचं घालवतं, आतलं राहतं. त्यावर नवी पट्टी मारली तर साबणकटावर ती धरणार नाही आणि बुरशी मध्ये सापडून तशीच वाढेल.

जुनं सिलिकॉन ब्लेडने पूर्ण काढा. टाइलवर बोट फिरवून बघा, रबरासारखा पातळ थर लागला तर अजून काम बाकी आहे. बुरशीनाशक लावून धुवा, आणि मग एक रात्र तरी बाथरूम कोरडं ठेवा. घरात एकच बाथरूम असेल तर हे अवघड जातं, तरी कोरड्या पृष्ठभागाला पर्याय नाही. ‘सॅनिटरी’ लिहिलेलं सिलिकॉन घ्या, त्यात बुरशीनाशक असतं. काउंटर दगडाचा असेल तर सॅनिटरीतही न्यूट्रल आणि नॉन-स्टेनिंग बघून घ्या. भरल्यावर २४ तास पाणी लागू देऊ नका. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत वाळत जातं, दिवसाला साधारण २ ते ३ मिमी. बुरशीनाशक कायम टिकत नाही, त्यामुळे अंघोळीनंतर एक्झॉस्ट चालू ठेवणं आलंच.

तुम्ही पत्रात खालच्या फ्लॅटच्या छताला ओल असल्याचंही लिहिलंय. ती सिलिकॉनने थांबणार नाही. तिथे फरशीखालचं वॉटरप्रूफिंग किंवा ट्रॅपजवळचा (सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याजवळचा) सांधा तपासायला हवा.

प्रश्न (नागपूर): दुकानाच्या दर्शनी भागाला काच लावायची आहे. बाहेरून पट्ट्या दिसायला नकोत, म्हणून कंत्राटदार म्हणतो वेदर सिलिकॉननेच काच चिकटवतो. चालेल का?

नाही. हे काम थांबवा.

वेदर सिलिकॉन फट बंद करतं. ते वाऱ्याचा जोर पेलण्यासाठी नसतं. काच निव्वळ सिलिकॉनवर धरायची असेल तर ‘स्ट्रक्चरल’ सिलिकॉन लागतं, आणि त्याची चिकटण्याची रुंदी हिशेबाने काढतात. हिशेब साधा आहे, कंत्राटदाराला समोर बसवून करून घ्या. काचेच्या आखूड बाजूच्या निम्म्या लांबीला वाऱ्याच्या दाबाने गुणायचं आणि १३८ ने भागायचं. लांबी मिलिमीटरमध्ये, दाब किलोपास्कलमध्ये. आखूड बाजू १,२०० मिमी आणि दाब १.५ किलोपास्कल धरला तर ६०० गुणिले १.५ म्हणजे ९००, भागिले १३८, म्हणजे साडेसहा मिमी. एवढी पूर्ण रुंदी चौकटीच्या चारही बाजूंना भरलेली हवी, कुठेही पोकळी नको. तुमच्या जागेचा दाब मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. काचेचं वजन खालून आधार देऊन पेलावं. हे चिकटवण्याचं काम शेडमध्ये, धुळीपासून दूर करतात आणि पूर्ण वाळल्यावरच काच जागेवर नेतात. काचेखालून रोज लोक ये-जा करणार आहेत. ज्याला हा हिशेब मांडता येत नाही त्याला काम देऊ नका.

वेदर सिलिकॉन लागेल ते चौकट आणि भिंतीमधल्या फटीला. त्यातही नागपूरचं ऊन विचारात घ्या. थंडीतल्या पहाटे १० अंशांवर असलेलं गडद रंगाचं अ‍ॅल्युमिनियम मे महिन्याच्या दुपारी ७० अंशांपर्यंत तापतं असं धरा. ३ मीटर लांबीचा सेक्शन तेवढ्यात ४ मिमीच्या आसपास वाढतो. फट ८ मिमीची ठेवून भर दुपारी भरलीत तर थंडीत ती निम्म्याने ताणली जाणार. ट्यूबच्या माहितीपत्रकावर हालचालीची क्षमता लिहिलेली असते, उणे-अधिक २५ टक्के किंवा ५० टक्के. २५ टक्केवालं इथे फाटेल. एकतर ५० टक्क्यांचं घ्या, नाहीतर फट दुप्पट रुंद ठेवा. भरणं सकाळच्या वेळी करा. आणि उन्हाळ्यात तुमच्याकडची हवा इतकी कोरडी असते की सिलिकॉन वाळायला वेळ लागतो, तेव्हा कारागिराने दुसऱ्याच दिवशी परांची उतरवायची घाई करू नये.

प्रश्न (सातारा): सिलिकॉनवर रंग बसत नाही. कुठला प्रायमर मारू?

सिलिकॉनवर रंग धरत नाही. काढून टाका आणि बाहेरच्या भिंतीला रंगवता येणारं पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट किंवा हायब्रिड सीलंट वापरा, आतल्या बारीक भेगांना अ‍ॅक्रिलिक फिलर पुरे. पीयू उन्हात उघडं ठेवलं तर भुकटी धरतं, त्यामुळे त्यावर रंग हवाच.

प्रश्न (संगमनेर): मी नुकतंच फॅब्रिकेशनचं दुकान टाकलंय. ट्यूब चांगली की भेसळीची हे कसं ओळखू? गिऱ्हाईक तर सगळ्यात स्वस्त मागतं.

तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. आधी तारीख बघा. बहुतेक ट्यूब वर्षभर चांगल्या राहतात, त्याहून जुनी असेल तर ती वाळतच नाही, चिकट राहते. पत्र्याच्या गरम शेडमध्ये साठवलेली असेल तर आणखी लवकर खराब होते. मग ‘न्यूट्रल’ किंवा ‘अ‍ॅसिटॉक्सी’ (म्हणजे जीपीसारखं आंबट वासाचं) स्पष्ट लिहिलंय का ते बघा. ज्या ट्यूबवर दोन्हीपैकी काहीच नाही ती घेऊ नका. स्वस्त मालात खनिज तेल मिसळून वजन वाढवलेलं असतं. ते तेल उन्हात उडून जातं, पट्टी आकसते, पिवळी आणि कडक होते.

दुकानातच परीक्षा घ्या. पावडर कोटिंग केलेल्या धातूच्या, काचेच्या, ग्रॅनाइटच्या तुकड्यावर एकेक पट्टी ओढा. आधी एका फडक्याने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसा. एकाच फडक्याने पुसलं तर मळ फक्त पसरतो. आठवड्याने पट्टीचं एक टोक सुरीने इंचभर सोडवा, बोटांत धरा आणि काटकोनात ओढा. पट्टी स्वतः तुटली तर माल आणि जोडी दोन्ही बरोबर. सालीसारखी निघून आली तर त्या पृष्ठभागाला तो माल चालणार नाही. हीच परीक्षा गिऱ्हाइकासमोर करून दाखवा, भावाची घासाघीस कमी होईल.

आणि दर लावताना मीटरचा हिशेब करा. ३०० मिलिलिटरची ट्यूब १० बाय ५ मिमीच्या फटीत ६ मीटर जाते. चार बाय पाच फुटांच्या खिडकीचा घेर साडेपाच मीटर. म्हणजे एका खिडकीला बाहेरून एक ट्यूब. तुमच्या शेजारचा कुणी एका ट्यूबमध्ये चार खिडक्या करत असेल, तर तो जेमतेम चार मिमीची दोरी फटीवरून ओढून पुढे जातोय. त्याच्या दराशी स्पर्धा करू नका. पावतीवर सिलिकॉनचा प्रकार आणि ट्यूबची संख्या लिहून द्या.