चार वर्षांची मुलं गोष्टीला बसतच नाहीत. हालचाली करत गोष्ट कशी सांगायची?

बसवूच नका. मी कोल्हापुरात बालवाडी घेते. सुरुवातीला मीही ‘हाताची घडी, तोंडावर बोट’वाली होते. पाच मिनिटांत कोण खिडकीत, कोण दुसऱ्याच्या डब्यात.

मग गोष्टीत हालचाली घातल्या, तर भलतंच झालं. ‘म्हशी पळाल्या’ म्हटलं आणि वर्गातल्या सगळ्या म्हशी एकदम उधळल्या. दोघांची डोकी आपटून ही टेंगळं! चूक माझीच. पळायला सांगितलं, पण थांबायचं कसं ते ठरवलंच नव्हतं.

आता गोष्टीआधी थांबायचा खेळ. खंजिरी वाजतेय तोवर चालायचं, थांबली की पुतळा. मुलांना खरं तर थांबणंच जास्त आवडतं. एका पायावर डुगडुगत, गाल फुगवून, श्वास रोखून उभी राहतात.

आमच्याकडे सगळ्यात चालते ती पंचगंगेची गोष्ट. पंचगंगा म्हणजे पाच नद्या मिळून झालेली आमची नदी: कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि पाचवी गुप्त सरस्वती. चार कोपऱ्यांत चार नद्या. कासारी चवड्यांवर चालते, कुंभी डोक्यावर घागर धरून, तुळशी गिरक्या घेत, भोगावती ढांगा टाकत. (ही चाल माझ्या मनची हं, भूगोल नव्हे.) जिचं नाव घेईन तीच हलणार, बाकीच्या जागेवर. त्यामुळे धक्काबुक्की होत नाही, आणि आपलं नाव कधी येतंय म्हणून कान टवकारलेले असतात. मी मुद्दाम ‘का… का…’ करत ताणते, तर कासारी जागेवरच उड्या मारायला लागते.

सरस्वती चादरीखालून रांगत येते. एक मुलगा कुणाचाच हात धरायचा नाही. तो रोज सरस्वती व्हायचा. मी कधी आग्रह केला नाही. चौथ्या की पाचव्या दिवशी प्रयाग चिखलीच्या संगमावर, म्हणजे आमच्या मधल्या सतरंजीवर, सगळ्या नद्या हात धरत होत्या तेव्हा चादरीतून डोकं बाहेर आलं. ‘बाई, आत लई गरम होतंय.’ आणि शेजारच्या तुळशीचा हात धरला.

तिथून एकच लांब रांग, वळणं घेत नरसोबाच्या वाडीला. तिथली कृष्णा मी. नदी मोठी झाली की संथ वाटते, म्हणून माझा आवाजही उतरतो. कृष्णेला मिळाली की सगळी आडवी. हा उतार गाळू नका, नाहीतर पुढचा अर्धा तास मुलं भिंतीवर चढतील.

एका गोष्टीत चार-पाच हालचाली पुष्कळ झाल्या. वाक्यावाक्याला उठबस घातली की ती कवायत होते, गोष्ट राहत नाही. घरी एकच मूल असेल तर नद्या वाटून घ्या. खंजिरी नसली तर ताट-चमचा चालतो. फक्त कुंभीच्या डोक्यावर खरा तांब्या देऊ नका. आमच्या तांब्याला तीन पोचे आहेत.