डिस्कवर्ल्डची ४१ पुस्तकं क्रमानेच वाचायला हवीत का?

नाही. आणि टेरी प्रॅचेटच्या या विनोदी, जादूच्या जगातल्या इंग्रजी कादंबऱ्यांची सुरुवात पहिल्यापासून तर मुळीच करू नका.

आमच्या भाऊजींनी (यजमानांचे थोरले बंधू, घरातले अधिकृत वाचक) लग्नानंतर मला 'द कलर ऑफ मॅजिक' दिलं आणि बजावलं, "क्रमाने वाच, नाहीतर काही कळायचं नाही." १९८३चं पुस्तक. तलवारबाजी आणि जादूटोण्याच्या जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांची त्यात टर उडवलीय, आणि मी त्यातली एकही वाचलेली नाही. ज्याची नक्कल चाललीये तो माणूसच माहीत नसेल तर हसू कुठून येणार? कासवावर चार हत्ती, हत्तींवर जग, याचंही काय कौतुक! कूर्म आणि दिग्गज आम्हाला आजीने भात भरवताना सांगितलेत. साठाव्या पानावर सोडलं. पुढे सात वर्षं दर गणपतीत, आरती संपली की, "काय, कुठवर आलं?"

मग सासऱ्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. रात्रपाळी माझ्याकडे. ऑफिसातल्या मैत्रिणीने पिशवीत 'गार्ड्स! गार्ड्स!' टाकलं होतं. १९८९चं, मालिकेतलं आठवं. रात्री दीड वाजता मी बाकड्यावर ओढणीचा बोळा तोंडात धरून हसत होते. सिस्टर डोकावून गेली. बाबा जागेच होते. "काय गं, झालं काय एवढं?"

सांगायला लागले. आंख-मॉरपॉर्क नावाचं शहर आहे, तिथे चोरांचा रीतसर संघ आहे, चोऱ्यांचा कोटा ठरलेला, चोरी केली की पावती देतात. बाबा कोषागारातून निवृत्त झालेले. "पावती देतात?" म्हणून त्यांनी चष्मा मागितला, जणू पावती मी दाखवणारच होते.

(पुढचा प्रसंग फुटायला नको असेल तर हा परिच्छेद सोडा.) शहरावर ड्रॅगन आलाय. पहाऱ्यावरचे तीन शिपाई छपरावर, हातात एकच बाण, तो नेमका वर्मी लागायला हवा. गोष्टींमध्ये दहा लाखांत एक शक्यता असली की हमखास जमतं, हे त्यांना पाठ. पण ही शक्यता नेमकी दहा लाखांत एक आहे का? कमी भरली तर? म्हणून ते ती मुद्दाम अवघड करत बसतात: नेम धरणाऱ्याने एका पायावर उभं राहायचं, तोंडाला काजळी फासायची. बाबांनी विचारलं, "हिशोब पडताळला कोणी?" मी पान उलटलं. बाण चुकला, आणि कारण तेच! बेरीज नेमकी भरली नव्हती.

पाच रात्री हेच चाललं. मधूनच त्यात मृत्यू येतो, तो सगळं कॅपिटल अक्षरांत बोलतो. देवनागरीत कॅपिटल आणायचे कुठून? मी रेल्वेच्या उद्घोषणेचा आवाज काढला. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी दुसऱ्या रात्री पडदा सरकवून घेतला.

सहाव्या दिवशी भाऊजी आले. "आठव्यापासून सुरू केलंस?" बाबा म्हणाले, "तू पहिल्यापासून वाचलंस ना, मग मला इतक्या वर्षांत एक तरी सांगितलंस का?"

तर तुमचं उत्तर: 'गार्ड्स! गार्ड्स!' घ्या. मग 'मेन ॲट आर्म्स', निदान बुटांच्या हिशोबासाठी. ऐपत असलेला पन्नास डॉलरचे बूट घेतो, ते दहा वर्षं टिकतात. गरीब दहा-दहाचे घेत तेवढ्याच काळात शंभर घालवतो आणि पाय ओलेच. पहारेकऱ्यांची पुस्तकं नको असतील तर 'मॉर्ट', त्या मृत्यूचं पुस्तक. इंग्रजीतल्या कोट्या सगळ्या कळत नाहीत, मलाही कळल्या नाहीत, अडून बसू नका. तळटीपा मात्र सोडू नका, अर्धा माल तिथे आहे.

हां, एक राहिलं. 'नाइट वॉच' (२००२) आधी उघडू नका. पहारेकऱ्यांचा प्रमुख व्हाइम्स आधीच्या पुस्तकांतून ओळखीचा झालेला असला तरच ते लागतं. तेवढ्यापुरता क्रम मला मान्य आहे. भाऊजी, तुम्ही हे वाचत असाल तर तेवढ्यापुरताच.