कोकणात दापोलीजवळच्या हर्णैला पहिल्यांदा जाताय ना, मग हे वाचा

जून-जुलैत नका जाऊ, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, बंदर अगदी सुनं वाटतं आणि समुद्रातल्या सुवर्णदुर्ग किल्ल्यावर नेणाऱ्या होड्यापण पावसात बंद. थंडीत जा. रेल्वेने आलात तर खेडला उतरा, मग दापोलीवरून हर्णै. संध्याकाळी चारच्या सुमारास बंदरावर जाच, होड्या लागल्या की किनाऱ्यावरच लिलाव सुरू होतो, सुरमई, पापलेट, कोळंबी, बघतच राहाल! पण मध्येच फोटो काढत उभं राहू नका प्लीज, तिथल्या मासे विकणाऱ्या मावशींचं पोट त्या लिलावावर आहे. लिलावात मोठे लॉट जातात, घरापुरतं हवं तर बाजूला बसलेल्या मावशींकडून घ्या, आणि राहाल तिथल्या काकूंना आधीच विचारून ठेवा, बऱ्याच जणी आपण आणलेले मासे मस्त करून देतात.